दोघांची मोटार

सिद्धलिंगप्पाला मोटार घ्यायची होती, आणि कोणती घ्यावी हे त्याला सोडून आळंदच्या सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

सकाळी दुकानाकडे निघाला की सुरुवात व्हायची. मोठी घ्या सावकार. बंद घ्या, पोरांना वारं लागतं. चढायची फळी रुंद बघा, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळतो. ज्यांनी जन्मात बैलगाडीशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता ते लोक त्याला टायरांविषयी सांगत. हा सगळं ऐकून घेई, मान हलवी आणि दुकानात शिरल्यावर तूर चाळणाऱ्या गड्यावर उगाच खेकसे. त्या बिचाऱ्याचा मोटारीशी काडीचा संबंध नव्हता.

फसली तेराशे शेहेचाळीसचा हिवाळा होता तो, म्हणजे इंग्रजी छत्तीस साल सरत आलं होतं. निजामाच्या राज्याच्या त्या टोकाला मोटारी म्हणजे एक तहसीलदाराची, एक-दोन जहागीरदारांच्या आणि गुलबर्ग्याला जाणारी सर्व्हिस, जी दोन दिवसांआड बंद पडे. सिद्धलिंगप्पाची तूर-करडईची अडत चांगली चाले, जोडीला दाल मिल होती, खजुरीच्या शिवारात काळी जमीन होती. पैशाची अडचण नव्हती. अडचण पोरांची होती. नीलम्मा सात वर्षांची, गुरुलिंग पाचाचा, मल्लू तीनचा आणि शिवू दहा महिन्यांचा. आणि सिद्धलिंगप्पाचा जीव जिच्यावर जडला होता त्या मोटारीत जागा होती दोन माणसांची.

ती त्यानं श्रावणात सोलापुरात पाहिली. दाल मिलचा पट्टा आणायला गेला होता. तिथं भगवानराव नावाचा एक गृहस्थ जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. त्याच्या शेडात ती उभी होती. लालभडक, बुटकी, पुढचं नाक लांबच लांब, चाकांना सायकलीसारख्या तारा, वरचं कापड दुमडून मागं टाकलेलं. कुणा गिरणीमालकाच्या पोराची होती, तो विलायतेला निघून गेला म्हणे. "बसा की सावकार, बसायला काय जातंय," असं म्हणत भगवानरावानं त्याला शेजारी बसवलं आणि होटगीच्या रस्त्यानं असं काही पिटाळलं की काटा साठावर गेला. सिद्धलिंगप्पाची टोपी उडाली. आणि तो हसला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, एकटाच हसत सुटला. आपण असे हसतो हे त्याला माहीत नव्हतं.

माहीत असायला वेळ कुठं मिळाला होता? गुलबर्ग्याच्या शाळेत होता तोवर वडील गेले, आणि सोळाव्या वर्षी तराजू त्याच्या हातात आला. सायकल हवी होती, तेव्हा आई म्हणाली, अडत्यानं सायकलीवर बसू नये, लोक हसतात. बरोबरीची पोरं विहिरीत पोहायला जात तेव्हा हा शेतकऱ्यांची पोती मोजून घेत होता. दोन बहिणींची लग्नं केली, स्वतःचंही झालं. तेहतिसाव्या वर्षी त्याचं बोलणं, चालणं, खाकरणंसुद्धा पन्नाशीच्या माणसासारखं होतं. एवढ्या वर्षांत त्यानं स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. आता मागत होता तर ते असं.

श्रावणानंतर तो चार वेळा सोलापूरला गेला आणि भगवानरावाकडून मोटार चालवायला शिकला. घरी सांगे, पट्टा तुटला. एका मोसमात एवढे पट्टे तुटलेले पाहून त्याच्या आईनं, चन्नव्वानं, मिलची दृष्ट काढायला लावली.

चन्नव्वा घरात सगळ्यांत मोठी, आणि घर तिच्या रीतीनं चाले. तिच्यासमोर मुलानं बायकोशी बोलायचं नाही, ही त्यातली एक. ही रीत काही एकट्या तिच्या घरची नव्हती. पेठेतल्या सगळ्याच घरांत नवरा-बायको वडीलधाऱ्यांदेखत एकमेकांना दिसत नसल्यासारखे वागत. काही सांगायचं झालं तर मधे पोर लागे. "नीलम्मा, तुझ्या अप्पांना विचार, भाकरी टाकू का." "नीलम्मा, आईला सांग, दोन माणसं जेवायला हायत." नीलम्मा तिथंच मधे उभी, दोघांना दोघांचं ऐकू येतंय, तरी ती इकडचं तिकडे करायची. शिवू झाल्यापासून तर त्याची बायको महादेवी बाळाला घेऊन सासूच्या खोलीत निजे. त्यामुळे गेल्या दहा महिन्यांत सिद्धलिंगप्पा आपल्या बायकोशी थेट किती बोलला, तर विहिरीवर एकदा, आणि ते दोराविषयी.

पण त्याला त्याची फारशी गरज वाटत नसे. त्याचा धंदाच न बोलण्याचा होता. अडतीवर घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव सांगत, आणि भोवतीच्या वीस माणसांना पत्ता लागत नसे. सतरा वर्षं त्यानं लोकांची बोटं दाबली होती. समोरचा गप्प झाला की तो का गप्प झाला हे आपल्याला नेमकं कळतं, अशी त्याची खात्री होती. शेतकऱ्यांच्या बाबतीत ती खरीही होती.

मार्गशीर्षात त्यानं धीर केला आणि भगवानरावाला निरोप धाडला, गाडी घेऊन या, घरच्यांना दाखवू. स्वतः सरहद्दीपर्यंत सामोरा गेला. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाचा जवान गाडीभोवती दोनदा फिरला, आत वाकून पाहिलं, मागं जाऊन पाहिलं. मग कागदावर शिक्का मारता मारता म्हणाला, "गाडी अच्छी है सावकार. मगर बच्चां किधर बैठते जी इसमें?"

सिद्धलिंगप्पाच्या कपाळाची शीर तटतटली. पोरं त्याच्या सोबत नव्हती. त्याला पोरं आहेत हे या माणसाला सांगितलं कुणी?

घरासमोर मोटार थांबली आणि पुढचा एक तास त्यानं पुढं कितीतरी दिवस मनातून पुसायचा प्रयत्न केला. गुरुलिंग दार न उघडताच वरून आत पडला. मल्लूनं भोंग्याचा रबरी गोळा पकडला तो सोडेना. चन्नव्वा कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"हे काय आणलास रं? ह्याचं वरचं कुठं हाय?"

"वरचं दुमडून ठेवलंय अव्वा. पाऊस आला की ओढायचं."

"आन् मागचं?"

"मागचं न्हाई."

"कामून न्हाई?"

"अशीच असती ती."

"मग पोरं कुठं बसतील?"

इथं भगवानरावानं शहाणपणा केला. "आज्जी, सीटच्या मागं फळी आहे की. दोन लेकरं आरामात मावतील," असं तो म्हणाला आणि घराण्याचं सगळं पीक त्या दोन माणसांच्या मोटारीत भरायला लागला. नीलम्मा आणि गुरुलिंग मागच्या फळीवर, गुडघे हनुवटीला लावून. चन्नव्वाला दोन्ही दंडांना धरून पुढच्या सीटवर उतरवलं. "आजून किती खाली जायचंय रं? हितं तर भुई लागायली," ती ओरडली. तिच्या मांडीवर शिवू दिला. मल्लू मधे, गिअरच्या दांड्याला मिठी मारून. सिद्धलिंगप्पानं दात-ओठ खात गाडी सुरू केली.

वेशीपर्यंत जाऊन परत यायचं, एवढंच होतं. गिअर टाकायला जावं तर हातात मल्लूचा पाय येई. गुरुलिंगनं मागून त्याची कॉलर धरली होती आणि वळणावर तो कॉलरीला लोंबकळे. गटारावरच्या दगडाला गाडीचं पोट खरवडलं आणि ती अडकली. सगळे उतरले. पेठेतल्या चौघांनी उचलून ती पुढं ठेवली, आणि उचलता उचलता चौघांनीही तेच विचारलं. चन्नव्वा परत बसलीच नाही. बाळाला खांद्यावर टाकून ती चालत घरी गेली आणि मोटारीच्या आधी पोहोचली.

महादेवी तोवर आतल्या दारात उभी होती. परका माणूस समोर, म्हणून पदर पुढं ओढलेला. सिद्धलिंगप्पा घाम पुसत उतरला तेव्हा नीलम्मा आत जाऊन परत आली.

"अप्पा, आई इचारायलीय, गाडीत जागा किती जणांची हाय?"

झालं. हीच एक राहिली होती. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "सांग तुझ्या आईला, दोघांची," तो दाराकडे बघत मोठ्यानं म्हणाला. "दोघांचीच हाय. तिसऱ्याला जागा न्हाई म्हणावं."

महादेवीनं तोंडाला पदर लावला आणि ती झटकन आत वळली.

रडली, सिद्धलिंगप्पानं ओळखलं. परक्या माणसादेखत आपण तिला रडवलं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो आणखी चिडला. त्यानं काय गुन्हा केला होता? दारू पीत नव्हता, नाटकाच्या कंपन्यांमागं हिंडत नव्हता. एक मोटार मागत होता.

भगवानराव जाताना म्हणाला, "सावकार, गाडी वेळ अमावास्येच्या सणापर्यंत ठेवतो तुमच्यासाठी. गुलबर्ग्याचा एक डॉक्टर मागं लागलाय. सडा माणूस आहे, त्याला अडचण नाही." लाल मोटार पेठेतून धूळ उडवीत निघून गेली, आणि डॉक्टराला पोरंबाळं नसल्याचा सिद्धलिंगप्पाला मनापासून हेवा वाटला.

पुढचे आठ दिवस घरात विचित्र काहीतरी चाललं. महादेवी त्याच्या ताटात वाढताना मान वर करीना. शिवूचं अंगावरचं दूध दुपारचं बंद झालं. ती त्याला वाटीनं पाजायला लागली, आणि तो वाटी लाथाडून सगळी आळी डोक्यावर घेऊ लागला. नीलम्माच्या कडेवर ते पोर सारखं असे, ती पार वाकली होती. एका दुपारी तो जेवायला आला तर अंगणात दोरीवर महादेवीचं हिरवं इरकल उन्हात घातलेलं. ती ते सणालासुद्धा नेसत नसे, ट्रंकेच्या तळाशी असायचं.

"तुझ्या बायकोचं लक्षण काई नीट न्हाई," चन्नव्वा म्हणाली. "पोराचं दूध तोडायलीय. लुगडं काढलंय. माहेरी जायचं मनात हाय बग तिच्या."

म्हणजे प्रकरण इथवर आलं होतं. त्यानं नीलम्माला आत पाठवलं. आईला विचार, कुठं जायलीस.

नीलम्मा परत आली. "आई म्हणली, कुठंबी न्हाई. अप्पा नेतील तिकडं."

हा टोमणा. सरळ सरळ टोमणा. तेरा वर्षांत ती कधी वाकडा शब्द बोलली नव्हती आणि आता पोरीच्या तोंडून टोमणे धाडत होती. सिद्धलिंगप्पा अर्ध्या जेवणावरून उठला. हात धुतला. दुकानात येऊन गादीवर बसला तेव्हा समोर दोन शेतकरी करडईचा नमुना घेऊन थांबले होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

त्याच्या डोळ्यांसमोर होटगीचा रस्ता होता. तो रस्ता आपल्याला मिळायचा नाही, हे त्याला खरं म्हणजे नाक्यावरच कळलं होतं. तरी त्यानं एकदा कल्पना करून पाहिली: आपण ती मोटार घेतली, आणि सकाळी घराबाहेर पडलो. दारात आई उभी, ओसरीत चार पोरं, आत रुसलेली बायको, आणि आपण एकटे दोन माणसांच्या मोटारीत. शेजारची सीट रिकामी घेऊन आपण कुठं जाणार होतो? त्यानं दौत ओढली आणि भगवानरावाला चार ओळी लिहिल्या. लाल गाडी डॉक्टरांना द्यावी. मोठी, बंद, घरच्या माणसांना पुरेल अशी पाहून धाडावी. अमावास्येच्या आत धाडावी.

लिहिताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. निदान तिचा चेहरा तरी सुधारेल.

मोठी मोटार अमावास्येच्या आदल्या दिवशी आली. कुण्या जहागीरदाराची होती. काळी, चौकोनी, सात माणसांची. आत झुलती पडद्याची कापडं, चढायला वीतभर रुंद फळी. पेठ खूश झाली. चन्नव्वा पायरी न अडखळता चढली, बसली, आणि "आता कसं," म्हणाली. महादेवीनं हळद-कुंकू आणून मोटारीच्या नाकाला बोटं लावली, ओवाळलं आणि आत गेली. सिद्धलिंगप्पा तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं.

तो थक्क झाला. या बाईला हवंय तरी काय? सगळं सोडलं, हिच्यासाठी सोडलं, आणि हिला साधं हसू फुटत नाही. त्या संध्याकाळी दोरीवरचं इरकल दिसलं नाही. ट्रंकेत परत गेलं असावं, त्यानं काही विचारलं नाही.

वेळ अमावास्येला त्या भागात घरात कुणी राहत नाही. सगळी माणसं शेतावर. कडब्याची कोप, म्हणजे खोपट, करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, अंबील, भज्जी, उंडे आणि खीर तिथंच सगळ्यांनी मिळून खायची. सिद्धलिंगप्पाचं घरही निघालं. पुढं त्याच्या शेजारी चन्नव्वा बसली. तिची ती जागा आहे हे कुणी सांगायला लागलं नाही. मागं महादेवी, चार पोरं, अंबिलीचा मोठा हंडा, भज्जीचं पातेलं आणि धपाट्यांची दुरडी. खजुरीच्या वाटेवर गाडी बैलाच्या चालीनं चालली. दुसऱ्या मैलावर मल्लू ओकला. तिसऱ्या मैलावर त्याचं बघून गुरुलिंग ओकला. अंबील हिंदकळून सीटच्या गादीत मुरली. पडदे बंद होते, वारं लागू नये म्हणून.

"दमानं चालीव," चन्नव्वा म्हणाली.

"ह्याच्याहून दमानं म्हणजे उभी करावं लागंल, अव्वा."

"मग उभी कर की मदनं मदनं."

पूजा झाली, जेवणं झाली. बाजूच्या शेतांतली माणसं मोटार बघून गेली, अंबील पिऊन गेली. दुपारच्या उन्हात चन्नव्वा कोपीच्या सावलीत बाळाला घेऊन आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली. पोरं बोरीच्या झाडाखाली पांगली. महादेवी विहिरीवरून घागर घेऊन मोटारीशी गेली आणि ओकीनं बरबटलेल्या गाद्या धुऊ लागली. आजूबाजूला कुणी नव्हतं. सिद्धलिंगप्पा उठून तिकडे गेला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, पण आठ दिवसांचं साचलं होतं.

"आता तर झालं ना मनासारखं?" तो म्हणाला.

तिनं दचकून वर पाहिलं. मग कोपीकडे पाहिलं. "कुणाच्या?"

"तुझ्या. आणखी कुणाच्या. तुझ्यापायी सोडली मी ती गाडी."

"माझ्यापायी?" महादेवीच्या हातातलं ओलं फडकं तसंच राहिलं. "मी कवा म्हणले सोडा म्हणून?"

"म्हणायला कशाला पायजे? त्या माणसादेखत रडत आत गेलीस. पोराचं दूध तोडलीस, लुगडं काढलीस माहेरी जायाला. मला काय कळत न्हाई?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ ती त्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे. त्यालाच खाली बघावं लागलं.

"रडत न्हवते," ती म्हणाली. "हसू आवरंना म्हणून आत गेले. दारात परका माणूस, आन् मी दात काढत उभी राहू?"

"हसू? कशाचं हसू?"

"तुम्ही म्हणलाव न्हवं, दोघांचीच हाय, तिसऱ्याला जागा न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा फडकं पिळायला लागली, पण पिळून झालं तरी पिळतच राहिली. "मला वाटलं, मनूनच घ्यायलाव. तेरा वर्षं झाली लग्नाला. आपण दोघं कुठं गेलाव, सांगा बगू एकदा."

सिद्धलिंगप्पानं आठवायला सुरुवात केली. त्याला वाटलं, एखादी तरी वेळ सापडेल. लग्नाची वरात आली त्या गाडीत मधे आई होती आणि आत्या होती. गाणगापूरला गेले तेव्हा दोन्ही बहिणी होत्या, नीलम्मा पोटात होती. तिला माहेरी पोचवायला दर वेळी गडी जाई. गुलबर्ग्याच्या जत्रेत पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. एकाच घरात चार पोरं झाली होती, आणि रस्त्यानं दोघं मिळून दहा पावलं चालले आहेत असं एकही चित्र त्याच्याकडे नव्हतं.

"शिवूला वाटीची सवय लावत होते," ती खाली मान घालून म्हणाली. "सासूबाईंनी एक दुपार सांभाळला असता. त्या गाडीत त्यांना बसता येईना, पोरांना बसता येईना. कुणाला न्हाई म्हणायची पाळीच आली नसती. गाडीच तशी. मी तर रोज म्हणायची देवाला, हीच घिऊ द्या."

त्याला संताप आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. तिच्यावर? तिनं तर एका पोरीकडून जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं होतं. आईवर काढावा तर तिनं साधा प्रश्न विचारला होता. उरला तो स्वतः, सतरा वर्षं बोटं दाबून लोकांची मनं ओळखणारा अडत्या. त्याच्या तोंडात शिवी आली आणि ती त्यानं स्वतःलाच हासडली.

"डॉक्टरानं नेली आसंल आता," तो म्हणाला.

"व्हय की."

"विचारायचं न्हाई का मला? एकदा तरी?"

"कवा इचारणार?" महादेवी म्हणाली. "कुठं?"

कोपीतून चन्नव्वाचं घोरणं ऐकू येत होतं. पोरं बोरीखाली होती. सिद्धलिंगप्पानं मोटारीचं पुढचं दार उघडलं.

"बस," तो म्हणाला.

"आता?"

"आता. सडकेपर्यंत जाऊ आन् येऊ. पुढं बस, इकडं."

तिनं पुन्हा कोपीकडे पाहिलं. मग हात लुगड्याला पुसले, पदर सारखा केला आणि चढली. जहागीरदाराच्या त्या रुंद गादीवर ती टोकाला बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर काचेतून बघत. तिच्या तोंडावर ते हसू आलं, जे त्यानं आठ दिवसांपूर्वी बघायला हवं होतं. समोरचे दात किंचित पुढं होते तिचे, आणि ते झाकायचं ती विसरली होती. सिद्धलिंगप्पानं दार लोटलं. तो घाईघाईनं पुढं गेला आणि मोटारीचं हँडल मारायला लागला.

लाल गाडी बटणावर सुरू व्हायची. हिला हँडलच मारावं लागे. पहिल्या फेऱ्याला खोकली. दुसऱ्याला नुसतीच हलली. तिसऱ्याला त्यानं सगळा जोर लावला आणि ती अशी गर्जली की बाजूच्या शेतातले बैल उठून उभे राहिले.

बोरीखालून गुरुलिंग सुटला. त्याच्यामागं मल्लू, खिशातली बोरं सांडत. "अप्पा, मी बी! अप्पा, मी बी!" नीलम्मा दोघांना हाका मारत पळत आली, आणि आली तीच फळीवर चढली. कोपीत शिवूनं भोकाड पसरलं. चन्नव्वा उठून बसली, पदर सावरला, बाळाला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "निघायलाव व्हय रं? उठवायचं तरी मला."

महादेवी तोवर पुढच्या सीटवरून उतरली होती. कुणी काही सांगितलं नव्हतं. ती मागं गेली, मल्लूला वर घेतलं, गुरुलिंगला सरकवलं, सासूच्या हातून बाळ घेतलं. चन्नव्वा पुढं चढून बसली. शेतावरच्या राखणदाराची म्हातारीसुद्धा वेशीपर्यंत येते म्हणाली, तर तिलाही नीलम्माशेजारी जागा झाली.

सिद्धलिंगप्पा हँडल हातात धरून उभा होता. मोटार मोठी होती, सगळे मावले.